सरड्याचा पत्ता

सोमवारी सकाळी दवाखान्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेव्हाच ते तिघं पायरीवर उभे दिसले. आई, वडील आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा. कुत्रं नाही, मांजर नाही, पिंजराही नाही. मुलाने शाळेचा पोळीभाजीचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. झाकणाला बारीक भोकं होती, कंपासपेटीतल्या कर्कटकाने पाडलेली. ते टोक त्याच्या अंगठ्यालाही लागलं असावं, कारण अंगठ्यावर पट्टी होती.

"डॉक्टर काकू, तो मेला नाहीये ना?" मी कुलूप खिशात टाकायच्या आत त्याने विचारलं.

पुण्यात सहकारनगरात माझा दवाखाना आहे. दिवसभर कुत्री-मांजरं असतात. गेली अकरा वर्षं जखमी वन्यजीवही येतात. संक्रांतीच्या आसपास मांज्याने पंख कापलेली घुबडं आणि घारी येतात, उन्हाळ्यात तहानेने पडलेले पोपट येतात, तळजईच्या टेकडीच्या बाजूने एखादी घोरपड येते. सरडा मात्र लोक दवाखान्यात आणत नाहीत. सरडा दिसला की दगड उचलायचा, हेच बहुतेकांना लहानपणी शिकवलेलं असतं. म्हणून डबा उघडण्याआधीच मला त्या पोराबद्दल आदर वाटला.

आत ओल्या टिश्यू पेपरवर तो पोट टेकून पसरला होता. मातकट तपकिरी अंग, पाठीवर गडद नक्षी, डोळे अर्धे मिटलेले, शेपटीचं टोक बोथट. कधीतरी तुटून बरं झालेलं असणार. सरड्याची शेपटी पालीसारखी परत येत नाही. मी त्याला तळहातावर घेतलं आणि हनुवटीखाली बघितलं. तिथे कातडीची घडी होती, पोटाच्या मध्यापर्यंत गेलेली, दुकानात बोळा करून ठेवलेल्या रेशमी कापडासारखी. घडीच्या फटीतून एक निळी कड दिसत होती.

तो निळा पुण्यातल्या सरड्याचा नव्हे.

"कुठून आणलात?"

वडिलांनी खाली बघत सांगितलं, "चाळकेवाडी. साताऱ्याच्या पुढे. काल गेलो होतो."

सरड्याचं अंग हाताला गार लागत होतं. मे महिन्यात पुण्यात सकाळी साडेआठला आपसूक गार राहील अशी वस्तू नसते. विचारल्यावर आईने सांगितलं की, उकडू नये म्हणून डबा रात्रभर एसीच्या खोलीत ठेवला होता. त्यांनी ते मायेनेच केलं होतं. सरड्याला आपण थंड रक्ताचा म्हणतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. त्याचं रक्त थंड नसतं, त्याच्या अंगात स्वतःची शेगडी नसते एवढंच. ऊब त्याला उन्हातून आणि तापल्या दगडातून घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर पाय हलत नाहीत, तोंड उघडत नाही, पोटातला नाकतोडाही पचत नाही, तिथेच सडायला लागतो.

पक्ष्यांसाठी ठेवलेल्या छोट्या काट्यावर त्याचं वजन केलं. दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं जास्त. कुशीची कातडी चिमटीत धरून सोडली तर सपाट व्हायला वेळ लागत होता, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. हाड मोडलेलं नव्हतं, तोंड आतून स्वच्छ होतं. एका खोक्यात फडकं पसरलं, एका बाजूला दिवा लावला, दुसरी बाजू सावलीत ठेवली, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला बाजूला होता येईल. दिवा आधी लांब आणि दर दहा मिनिटांनी थोडा जवळ. गारठलेल्या जिवाला एकदम तापवलं तर तो जातो.

पंचवीस मिनिटांनी एक डोळा उघडला. मी सिरिंजमधून पाण्याचा एक थेंब त्याच्या नाकाच्या शेंड्यावर सोडला. थेंब ओठावरून खाली ओघळला. दुसराही गेला. तिसऱ्याला जीभ बाहेर आली, फिकट गुलाबी, जाडसर, आणि तिने तो थेंब उचलून आत नेला. मुलगा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होता. त्याने श्वास सोडला तेव्हा मला कळलं की तो इतका वेळ रोखून धरला होता.

मग त्यानेच सगळं सांगितलं.

फोटो काढणाऱ्यांच्या एका ग्रुपबरोबर ते गेले होते. वडिलांनी नवी लेन्स घेतली होती. पावसाआधीच्या दिवसांत, साधारण एप्रिल ते जून, या सरड्यांचा विणीचा हंगाम असतो. नर उंचशा दगडावर चढतो, पुढचे पाय ताणून मान वर करतो आणि गळ्याचा पंखा उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी. मादीला दाखवायला आणि शेजारच्या नराला बजावायला. तो क्षण टिपायला दर मे महिन्यात पुण्या-मुंबईहून गाड्या निघतात. या ग्रुपला घेऊन जाणाऱ्या माणसाने एक नर हाताने पकडला आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांसाठी आणलेल्या बर्फाच्या खोक्यात ठेवला. पळू नये म्हणून. थोड्या वेळाने बाहेर काढून एका देखण्या दगडावर ठेवला, जिथे मागची पार्श्वभूमी फोटोत छान येते. ऊन लागलं की आपोआप पंखा उघडेल, असं तो म्हणाला. सगळे पोटावर आडवे होऊन वाट बघत राहिले. पंखा उघडला नाही. तेवढ्यात लांबून कुणीतरी हाक मारली की इकडे दुसरा मस्त उघडतोय, आणि सगळे तिकडे गेले.

"तो तिथेच पडला होता," मुलगा म्हणाला. "त्याच्या डोळ्यावर मुंगी चढली तरी त्याने डोळा मिटला नाही. म्हणून मी त्याला डब्यात घेतलं. बाबांना सांगितलं नव्हतं. टोलनाक्यावर सांगितलं."

मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. वडिलांनी ऐकून घेतलं. "मॅडम, बर्फाच्या खोक्याचं मला तेव्हा खरंच वावगं वाटलं नाही," ते म्हणाले. "सगळे शांत होते, म्हणून मीही." हे बोलायलाही धैर्य लागतं. ज्याने ते केलं तो मात्र पुढच्या रविवारी आणखी एक गाडी भरून नेणार, हे डोक्यातून जात नव्हतं.

वन्यजीव आला की पहिला फोन वनखात्याला, हा माझा नियम. १९२६ या हेल्पलाइनवरून बोलणं पुढे गेलं आणि तासाभरात ठरलं: सरडा चालता झाला तर आजच परत न्यायचा, साताऱ्याकडचा वनरक्षक वर पठारावर भेटेल. आईने मध्येच विचारलं, "इथेच तळजईवर सोडला तर नाही का चालणार? दीडशे किलोमीटर उन्हात नेण्यापेक्षा?" प्रश्न रास्त होता.

गळ्याला पंखा असलेले सरडे पुण्याच्या आसपासच्या माळांवरही आहेत, पण ते याचे चुलत भाऊबंद. फार काळ हे सगळे एकच समजले जात. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८२९ मध्ये पाँडिचेरीच्या सरड्यावरून नाव दिलं, सिताना पाँटिसेरियाना, आणि पुढे जवळपास दोनशे वर्षं देशभरातले पंखेवाले बहुतेक त्याच नावाखाली मोडले. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंख्याची ठेवण, हाडं, खवले आणि जनुकं तपासून दाखवलं की यात कित्येक वेगळ्या जाती आहेत आणि काहींची तर प्रजातीच, म्हणजे जातींचा वरचा गटच, वेगळी आहे. त्या नव्या प्रजातीला त्यांनी आपला मराठी शब्द दिला: सरडा. आणि त्यातल्या सगळ्यात देखण्या जातीचं नाव ठेवलं सरडा सुपर्बा. तिचा मूळ नमुना चाळकेवाडीच्या पठारावरचाच. जगातल्या कुठल्याही भाषेतला प्राणिशास्त्रज्ञ याचं नाव घेईल तेव्हा त्याच्या तोंडून मराठी शब्द निघेल, हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो खोक्याकडे बघून हळूच म्हणाला, "सरडा."

तळजईवर तो आठवडाभरही जगला नसता. तिथली झाडी, सावली, मांजरं, सगळंच त्याला परकं. चाळकेवाडी म्हणजे हजार-अकराशे मीटर उंचीवरचा उघडा जांभ्याचा सडा. वारा, कातळ, गवताचे पुंजके आणि सुटे दगड. आपल्याकडे 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' म्हणतात ते हिणवून, पण सरड्याच्या बाबतीत ते जसंच्या तसं खरं आहे. विणीच्या काळात नर आपला दगड आणि भोवतालची थोडी जागा राखून असतो. तेवढ्यात त्याला ठाऊक असतं की कुठल्या फटीत शिरलं की कापशी घारीची चोच पोचत नाही, मुंग्यांची रांग कुठून जाते, सकाळचं पहिलं ऊन कुठे पडतं. म्हणून नुसतं पठारावर सोडून भागणार नव्हतं. त्याचा दगड शोधायचा होता.

वडिलांनी लॅपटॉप गाडीतून आणला. फोटो शंभराच्या वर होते आणि बहुतेक त्या देखण्या दगडावरचे, म्हणजे आमच्या काहीच कामाचे नव्हते. सरडा त्या दगडाचा नव्हताच.

"त्याला पकडायच्या आधीचा एकही नाही?"

"एक आहे, पण हललाय. डिलीट करायचा होता."

त्यांनी तो काढला. फोकस पूर्ण चुकलेला. समोर करड्या दगडावर एक तपकिरी रेघ, तिरपी, पसरट. मागे पवनचक्कीचा खांब, त्याच्या पायथ्याशी रंगवलेल्या आकड्याचा शेवटचा ७ आणि डाव्या कडेला दगडांची छोटी रास. मी फोटो मोठा केला. तपकिरी रेघेच्या शेवटी शेपटी होती आणि शेपटीचं टोक बोथट होतं. त्याच मिनिटाला आईने मोबाइलवर मुलाचा फोटो काढला होता आणि मोबाइलने जागा नोंदवून ठेवली होती. आमच्याकडे पत्ता होता.

अकराला सरडा खोक्यात भिंतीला धरून धावायला लागला. मी त्याला सुती पिशवीत घातलं, पिशवी हवेशीर खोक्यात आणि खोक्यात फिशटँकचा थर्मामीटर. दवाखाना सहकारी डॉक्टरवर सोपवला. गाडी त्यांची होती. खोकं माझ्या मांडीवर. एसी इतका मंद ठेवला की काटा तिशीच्या आसपास राहील, म्हणजे आम्ही सगळे घामाने निथळत होतो. खंबाटकीच्या घाटात एक ट्रक बंद पडला होता. तिथे अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलाने सरकली आणि मुलगा दर दोन मिनिटांनी आकडा वाचून दाखवत राहिला. "एकतीस. एकतीस. बत्तीस, काकू!" मग आम्ही एसी थोडा वाढवायचो.

घाट उतरल्यावर आई म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला वाईट वाटेल. पण एक सरडा कमी झाला तर त्या डोंगराला काय फरक पडतो?"

वाईट कसलं वाटायचं? मनात सगळ्यांच्या असतं ते तिने सरळ विचारलं होतं. आणि याचं उत्तर त्याच पठारावर शोधलं गेलेलं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीवर पवनचक्क्या असलेली आणि नसलेली जागा शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यांचं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे पवनचक्क्या होत्या तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते, घारी, तीसे वगैरे. फिरती पाती आणि तो घरघराट त्यांना नको असतो. आणि पक्षी कमी झाले म्हणून सरडे वाढले. ऐकायला बरं वाटतं, पण त्या वाढलेल्या सरड्यांची अंगं रोडावलेली होती. तोंडं वाढली, नाकतोडे आणि किडे तेवढेच राहिले. नरांच्या पंख्याचे रंग फिके पडले. रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी झालेलं आढळलं, म्हणजे भीती कमी झालेली. माणूस बराच जवळ गेला तरी ते पळत नव्हते.

म्हणजे हा सरडा मधली कडी आहे. त्याच्या खाली मुंग्या, वाळवी, नाकतोडे आणि ते खातात ते गवत. त्याच्या वर कापशी, तीसा, साप. वरची कडी उचलली तर सरड्याची संख्या, अंग, रंग, धीर सगळं बदलतं. सरडा उचलला तर वर आणि खाली दोन्हीकडे बदल होणार. मी हे सांगत होते आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं: त्या माणसाला तो नर हाताने पकडता आला होता. जाळं नाही, काठी नाही. पवनचक्कीच्या पायथ्याशी राहणारा, घारीची सावली क्वचितच पाहिलेला सरडा. हात खाली आला तेव्हा तो उशिरा पळाला असणार.

पुढे सातारा, बोगदा, सज्जनगडाचा फाटा, ठोसेघर. कुणी फारसं बोललं नाही.

तीन वाजता वर पोचलो. वनरक्षक मोटारसायकलला टेकून उभे होते, डोक्याला उपरणं बांधलेलं. पठार करपून गेलं होतं. गवत पिवळं, मधेमधे वणव्याने काळे झालेले पट्टे, आणि क्षितिजापर्यंत पवनचक्क्या. त्यांचा आवाज लांबून कुणीतरी एकसारखं सुपाने पाखडत असल्यासारखा येत होता. हाच माळ पावसानंतर फुलांनी भरतो, पण सरकारी कागदोपत्री अशा सड्यांना बहुतेक ठिकाणी पडीक जमीन म्हणतात. हा शब्द मला फार लागतो. पडीक म्हटलं की रस्ता करायला मोकळीक, दगड उचलायला मोकळीक, सगळ्यालाच मोकळीक.

"फोटोवाले समदे हितंच थांबत्यात, मॅडम," वनरक्षक एका वळणाकडे बोट दाखवत म्हणाले. तिथले पंधरा-वीस दगड उलथे पडलेले होते. खालची बाजू वर, मातीचा ओलसर डाग वाळून पांढरा झालेला. "सरडं हुडकत्यात, पाली हुडकत्यात. उचलायचं आन् टाकून द्यायचं."

या दगडांखाली आणखी एक जीव राहतो. सातारा पाल. हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस या नावाने २००८ मध्ये वरद गिरी आणि अॅरन बाउअर यांनी ती जगापुढे आणली, तीही इथूनच. घरातल्या पालीसारखी भिंतीवर नव्हे, जमिनीवर दगडाच्या पोटाशी राहते. दगड उलटला की तिचं छप्पर, तिची ओल, तिची अंडी घालायची जागा एकदम उघडी पडते. मुलाने एक दगड उचलून पुन्हा पालथा ठेवला. मग दुसरा. मी त्याला दाखवलं की मातीत दगडाचा ठसा उरलेला असतो, तो ठशात नेमका बसला पाहिजे, फट आधी होती तेवढीच. त्याने जेवढे जमले तेवढे बसवले. वडील मदतीला गेले. कुणी सांगितलं नव्हतं.

मोबाइलवरची जागा आणि ७ ने संपणारा खांब सापडायला फार वेळ लागला नाही. दगडांची रासही सापडली. पण माणसाच्या उंचीवरून काहीच जुळेना. शेवटी मुलगा खाली बसला, मग आडवा झाला, डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर. लॅपटॉप त्याच्या शेजारी. "थोडं मागे. अजून. आता रास खांबाच्या डाव्या बाजूला आली. काकू, तोच दगड!" करड्या दगडावर पांढऱ्या शेवाळाचे तीन गोल होते, फोटोतही पुसट का होईना ते तीन होतेच.

लगेच सोडायचा नव्हता. मी थर्मामीटरची वायर उघड्या कातळावर टेकवली. ५१. एवढ्या उन्हात एकही सरडा बाहेर दिसत नव्हता. सगळे फटींत, गवताच्या बुडाशी. वाट बघताना मुलाने विचारलं, उन्हाचा प्राणी ना हा, मग लपला का? मी सांगितलं की ऊन त्याला लागतं, पण एका मर्यादेपर्यंत. त्यापलीकडे तो सावलीत जातो, आणि सावलीत गेलेला वेळ म्हणजे न खाल्लेला वेळ. अंडी धरायच्या दिवसांत मादीचे असे तास वाढले तर तिच्या अंगात अंड्यांपुरतं बळ उरत नाही. मेक्सिकोत बॅरी सिनर्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेरी सरड्यांच्या २०० जागा पुन्हा जाऊन पाहिल्या. १९७५ पासून त्यातल्या १२ टक्के जागांवरचे सरडे संपलेले होते. हे २०१० साली छापून आलं. कारण हेच, सावलीत काढावे लागणारे तास. डोंगराच्या पायथ्याचा सरडा उकाड्याने वर सरकू शकतो. जो आधीच माथ्यावर आहे त्याने कुठे जायचं? मुलगा पठाराच्या कडेकडे बघत राहिला, जिथे सडा संपतो आणि एकदम दरी लागते. "तिथे कुंपण आहे," तो म्हणाला. सकाळची म्हण त्याने लक्षात ठेवली होती.

पावणेपाचला सावल्या लांबल्या. वायर टेकवली तर काटा चाळिशीच्या खाली आलेला. आणि तेव्हाच त्या करड्या दगडावर एक सरडा चढला.

नर. मान वर, गळा मिटलेला. शेपटी अखंड.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. विणीच्या हंगामात रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही, हे मला माहीत होतं, पण सव्वा दिवसात? वनरक्षक म्हणाले, "ह्यानं बळकावली जागा." आता काय करायचं हे मला खरंच सुचेना. अशक्त जीव भांडणात टाकायचा का? लांब सोडला तर कुणाच्या तरी दुसऱ्याच्या जागेत जाणार. परत नेला तर आज आलो कशाला? शेवटी ठरवलं की दगडापासून दहा-बारा पावलांवर, गवताच्या सावलीत ठेवायचं आणि बाकीचं त्याच्यावर सोडायचं. पिशवी जमिनीवर ठेवली, तोंड मोकळं केलं आणि आम्ही पाचही जण मागे सरकून खाली बसलो.

बराच वेळ काही नाही. मग पिशवीच्या तोंडातून डोकं बाहेर आलं. त्याने एक डोळा आकाशाकडे वळवला, तसाच धरला. जमिनीला पोट टेकवलं आणि तापलेल्या मातीवर अंग चपटं केलं. मी मनात मोजत होते. दीडशेच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं.

आणि तो सुटला. शेपटी उचललेली, सरळ करड्या दगडाच्या दिशेने. मुलाने माझं मनगट घट्ट धरलं. दगडावरच्या नराने मान ताणली. आमचा सरडा दगडापाशी पोचला, त्याच्या उजव्या अंगाने वळसा घेतला, थांबलाच नाही, आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर एका बुटक्या, काळपट दगडावर चढला. करवंदीच्या खुरट्या झुडपाला लागून असलेला, आमच्यापैकी कुणीही ज्याच्याकडे पाहिलं नव्हतं असा दगड. त्याच्या खाली रुंद फट होती. तो वर जाऊन उभा राहिला, पुढचे पाय ताणले, आणि गळा उघडला. एकदा. निळा, मग काळा, मग नारिंगी, आणि परत मिटला. करड्या दगडावरच्यानेही उघडला. दोघंही आपापल्या जागी.

"ह्यो त्याचा, आन् त्यो त्याचा," वनरक्षक हळू आवाजात म्हणाले.

मुलाने लॅपटॉप पुन्हा उघडला. हललेला फोटो अजून पडद्यावरच होता. करड्या दगडावरची ती तपकिरी रेघ, तिरपी, पसरट, बोथट टोकाची. त्याने रेघेच्या पुढच्या टोकावर बोट ठेवलं आणि तिथून सरळ, पडद्याबाहेर, करवंदीच्या दिशेने नेलं.

"काकू, तो इथे बसला नव्हता," तो म्हणाला. "तो घरी पळत होता."